एकट्याचा आवाज, मेळातला आवाज

(शाळेच्या हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवी वर्षात मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा लेखी स्वरूपात तुमच्या हाती येणारच आहे. म्हणून आज मी आपल्या यशाविषयी न बोलता एका चुकीविषयी बोलणार आहे. ती चूक माझी स्वतःची आहे. तिच्या केंद्रस्थानी एक लहानशी लोखंडी डबी आहे. आकाराने कंपासपेटीएवढी, वर तीन-चार फिरक्या आणि पायाने दाबायचे एक बटण. तिला ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. मी मराठीची एम. ए.; वाद्यांशी माझा संबंध प्रार्थनेच्या पेटीपुरता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वार्षिक स्नेहसंमेलनात दहावीच्या मुलांनी समूहगीत बसवले होते. आठ गळे, दोन गिटार, कीबोर्ड, ढोलकी, ड्रमसेट आणि एक बेस गिटार. बेस वाजवणारा मुलगा अबोल, मागच्या बाकावरचा. त्याचे वडील उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये कामाला. संमेलनाच्या दोन दिवस आधी मी प्रत्येकाची तयारी पाहायला संगीताच्या वर्गात गेले. एकेकाला वाजवून दाखवायला सांगितले. त्याने पायाने ती डबी दाबली आणि तार छेडली. भरलेला ट्रक उरल्याच्या रस्त्यावर पहिल्या गियरमध्ये कण्हत चढावा, तसा आवाज झाला. खरखरीत, फाटका. मी म्हणाले, "हा आवाज शाळेच्या रंगमंचावर नको. डबी घरी ठेवून ये. त्याविना किती गोड वाजते बघ." डबीविना ती खरोखरच गोड वाजत होती, गोल, मऊ, घुमणारी. मुलगा "बरं, बाई" म्हणाला. त्याने वाद घातला नाही. आपल्या शाळेतली मुले वाद घालत नाहीत, याचा त्या दिवशी मला अभिमानच वाटला.

संमेलनाच्या रात्री मी चौथ्या रांगेत बसले होते. गाणे सुरू झाले. त्याची बोटे तारांवर चालताना दिसत होती, पण ऐकू काहीच येत नव्हते. मांडवाच्या खांबाला हात लावला तर तो थरथरत होता, एवढीच काय ती खूण. महिनाभर त्या मुलांनी त्याच्या ठोक्यावर पाय ठेवून गाण्याचा सराव केला होता. तो ठोकाच त्यांच्या कानांवरून निघून गेला. तिसऱ्या कडव्यात अर्धे गळे पुढे धावले, अर्धे मागे राहिले आणि गाणे मध्येच थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण मुले आपलीच होती. त्याच्या वडिलांनी त्या दिवशी रात्रपाळी बदलून घेतली होती. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि संकोचून म्हणाले, "बाई, त्याचं यंत्र बंद पडलं होतं का?"

यंत्र बंद पडले नव्हते. ते मी बंद करवले होते. तसे त्यांना सांगण्याचे धैर्य मला त्या रात्री झाले नाही. ते मी आज सांगते आहे.

पुढे तो मुलगा आय. टी. आय. करून कामाला लागला. एका गुरुपौर्णिमेला शाळेत भेटायला आला, तेव्हा मीच विषय काढला. विचारले, "तो इतका कर्कश आवाज तुला का हवा होता?" तो हसला आणि म्हणाला, "बाई, एकट्यानं ऐकलं तर तो वाईटच आहे. पण तो एकट्यानं ऐकायचा नव्हताच." मग संगीताच्या वर्गात जाऊन त्याने आपला जुना तंबोरा काढला. त्या तासाभरात मला जे समजले आणि नंतर वाचून जे पडताळता आले, ते तुमच्यासमोर ठेवते.

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. माणसाचा कान या थराला मंद असतो. दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात तो सर्वाधिक तल्लख. तिथे बाळाच्या रडण्यातली धार ऐकू येते, भाषेतली व्यंजने उमटतात. खर्जाकडे जावे तसा तो बोथट होत जातो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली याचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यात ड्रमसेटचा मोठा ढोल त्याच खालच्या पट्ट्यात धमकत असतो. एक मोठा आवाज शेजारच्या आवाजाला झाकून टाकतो. म्हणजे मऊ, गोल वाजणारी बेस गिटार एकीकडे कानाच्या मंदपणात आणि दुसरीकडे ढोलाच्या सावलीत सापडते. एकटी असते तेव्हा गोड. मेळात गेली की नाहीशी.

मग ती ऐकू यायची कशी? इथे कानाचीच एक किमया मदतीला येते. कोणतीही तार एकाच कंपनाने वाजत नाही. ४१च्या जोडीला त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी कंपने, म्हणजे उपस्वर, त्याच वेळी उठतात. हे वरचे उपस्वर कानावर पडले की तळाचा मूळ स्वर ऐकू येत नसला तरी मन तो भरून घेते. याचा अनुभव तुम्ही घेतलेला आहे. जुना टेलिफोन ३०० कंपनांच्या खालचे जवळजवळ काही पोचवत नसे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर तर सव्वाशेच्या आसपास. तरीही गावाहून आलेल्या फोनवर वडिलांचा आवाज वडिलांचाच, तितकाच खोल वाटे. तो खोलपणा तारेतून येत नव्हता. उपस्वरांवरून आपले मन तो ओळखत होते.

ओव्हरड्राइव्ह पेडल हेच करते. आवाजाची विद्युतलहर आत घेऊन ते तिला तिथल्या मर्यादेबाहेर वाढवते. मर्यादा ओलांडणाऱ्या लहरीचा माथा छाटला जातो आणि त्या छाटण्यातून नवे उपस्वर जन्मतात. मूल आपल्या गळ्याच्या आवाक्याबाहेर ओरडून कविता म्हणू लागले की त्याचा आवाज फाटतो, तसाच काहीसा हा प्रकार. हे नवे उपस्वर कान तल्लख असतो त्या पट्ट्याकडे चढत जातात. एकट्या वाद्यात ते खरखर म्हणून उघडे पडतात. पण भोवती दोन गिटार, झांजा आणि गळे असले की त्या खरखरीचा बराचसा भाग त्यांच्यात मिसळून दिसेनासा होतो. उरते ती स्वराची कड आणि बोट तारेवर पडल्याचा नेमका क्षण. गाणाऱ्याला पाय ठेवायला हवा असतो तो हाच क्षण.

या आवाजाचा इतिहासही मजेदार आहे. आजची विजेवरची बेस गिटार रुळली ती लिओ फेंडर यांच्या १९५१च्या 'प्रिसिजन बेस'पासून. त्यानंतर दहाएक वर्षांतच, अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस गिटार वाजवत होते. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात बिघाड झाला आणि त्यांचा आवाज फाटून आला. तो तसाच ठेवला गेला, १९६१ साली गाणे गाजले आणि लोक त्या आवाजाविषयी विचारू लागले. तिथले ध्वनिअभियंता ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारे उपकरण तयार केले. १९६२ साली ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आले. म्हणजे या सगळ्या डब्यांच्या वंशाचे मूळ एका बिघाडात आहे, आणि तो बिघाडही खर्जाच्याच वाद्याच्या वाट्याला आला होता. १९६५ साली बीटल्सच्या 'थिंक फॉर युवरसेल्फ' या गाण्यात पॉल मॅकार्टनी यांनी बेस दोनदा वाजवली, एकदा स्वच्छ आणि एकदा फाटक्या आवाजात. दोन्ही एकत्र ठेवल्या.

हे 'एकत्र ठेवणे' महत्त्वाचे आहे. कारण फाटका आवाज तेवढाच घेतला तर वरचे उपस्वर मिळतात, पण तळ जातो. गिटारसाठी केलेली पुष्कळ पेडले खालचे स्वर मुद्दामच कापतात. गिटारला त्यांची गरज नसते. तेच पेडल बेसला लावले की इमारतीला रंग मिळतो आणि पाया निघून जातो. म्हणून बेससाठीच्या पेडलांत मूळ स्वच्छ आवाज आणि फाटका आवाज यांचे प्रमाण ठरवणारी फिरकी ठेवू लागले. १९९४च्या 'बॉस' कंपनीच्या ओ.डी.बी.-३ या पेडलावर ती आहे. खाली स्वच्छ तळ तसाच राहतो आणि वर खरखरीची एक धार चढते.

तुमच्यापैकी जे वाजवतात, त्यांच्यासाठी आमच्या या विद्यार्थ्याने सांगितलेल्या तीन गोष्टी. पहिली, पेडल दुकानात किंवा आपल्या खोलीत एकट्याने ऐकून निवडू नये. मेळ जमवून त्यात ऐकावे. एकट्याला भारावून टाकणारा आवाज बहुधा तळाला जाड, वर चमकदार आणि मध्ये पोकळ असतो. मेळात तळ ढोल घेतो, चमक झांजा घेतात आणि आपल्या हाती ती मधली पोकळी उरते. दुसरी, दोन आवाजांची तुलना करताना दोन्ही सारख्याच मोठ्या पातळीवर ठेवावेत. कारण जो किंचित मोठा असतो तो आपल्याला उगाचच चांगला वाटतो. तिसरी, स्वतःच्या पायाशी उभे राहून निर्णय घेऊ नये. कुणाला तरी वाजवायला लावून शेवटच्या रांगेत जाऊन ऐकावे. मी नेमक्या या तिन्ही गोष्टी केल्या नव्हत्या.

आता तंबोऱ्याकडे येते. त्याने आपल्या शाळेच्या तंबोऱ्याच्या घोडीवरचा सुताचा दोरा काढून घेतला आणि खर्जाची तार छेडली. आवाज आला, पण मुका. मग दोरा परत तारेखाली सरकवत नेला. एका जागी आल्यावर तार एकदम बोलू लागली. झणझणीत, उपस्वरांनी भरलेली. यालाच आपण जवारी म्हणतो. घोडीचा माथा किंचित बाकदार घासलेला असतो आणि थरथरणारी तार त्याला पुन्हा पुन्हा हलकेच भिडत राहते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या आपल्या निबंधात दाखवले की, नेहमीच्या तारेच्या नियमाने जे उपस्वर उठायलाच नकोत, तेही या घोडीमुळे उठतात. पेडल लहरीचा माथा विजेने छाटते, जवारी तारेला घोडीवर अडखळवते. रीत वेगळी, पण काम एकच. तळाच्या स्वराला वरचे उपस्वर देऊन तो ऐकू येईल असा करायचा.

आणि हे काम आपल्या माणसांनी किती निगुतीने केले आहे! मिरजेला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे आणि सतारी घडत आहेत. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सुरू झालेली ती परंपरा. पंढरपूर परिसरातले मोठे भोपळे वाळवून, दांडी जोडून, शेवटी जवारी काढायला कारागीर बसतो. कानसाने घोडी घासायची, तार लावायची, ऐकायचे, पुन्हा घासायची. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेतच होते. अशा गवयांच्या कानांशी या कारागिरांचे हात बांधले गेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हाच तंबोरा बंद खोलीत कानाशी धरून ऐका. मधमाशांचे पोळे उठल्यासारखा भासेल. पण गवई त्यावर पहिला षड्ज लावतो तेव्हा ती गुणगुण वेगळी ऐकू येत नाही. आवाजाला आपोआप बैठक मिळते.

यासाठी मिरजेपर्यंत जायलाही नको. बीरगांवच्या आसपास लग्नसराईत गड़वा बाजा निघतो, तो आपण सर्वांनी ऐकला आहे. त्यातली मोहरी एखाद्या खोलीत वाजवायला सांगा. दोन मिनिटांत आपण कान झाकू. पण रस्त्यावर गुदुम खाली घुमत असतो, दफडा आणि टिमकी कडकडत असतात, माणसे बोलत-नाचत असतात. त्या गदारोळातून गाण्याची ओळ शेवटच्या माणसापर्यंत पोचवते ती मोहरीच. तिची ती बोचरी धार म्हणजे दोष नव्हे. वरातीत तेच तिचे काम आहे.

हे सारे समजल्यावर मला आठवला तो माझा मुख्याध्यापिकेचा कक्ष. तिथे मी मुलांना एकेकटे बोलावून पाहते, प्रश्न विचारते, मत बनवते. जो मुलगा तिथे गोड वाजतो तो वर्गातही चांगला, असे गृहीत धरते. आणि जो तिथे खरखरतो त्याला म्हणते, "डबी घरी ठेवून ये." गेल्या तीस वर्षांत अशा किती डब्या मी घरी पाठवल्या असतील, याचा हिशेब माझ्याजवळ नाही. आपल्यापैकी काही जण आज याच मांडवात बसले असतील. त्यांची मी क्षमा मागते.

त्यातही एक गोष्ट मला विशेष सलते, ती भाषेची. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्यानंतर सीमा बदलली, माणसे राहिली. आपली मुले घराबाहेर हिंदीत बोलतात, मैदानावर छत्तीसगढीत भांडतात आणि वर्गात मराठी लिहितात. त्यांच्या मराठीत हिंदीची वळणे येतात. माझ्यातली एम. ए. ती लाल शाईने खोडत आली. व्याकरण शिकवलेच पाहिजे, यात शंका नाही. ती तळाची स्वच्छ तार आहे, तिच्याशिवाय पाया नाही. पण निबंधाच्या वहीत एकटी वाचली की खरखरीत वाटणारी ती मराठी उरल्याच्या कारखान्यांत, बीरगांवच्या बाजारात, चार भाषांच्या गलबल्यात ऐकू येते आणि टिकून राहते. पुस्तकातली गोल, मऊ मराठी तेवढीच हाती दिली असती, तर ती या मेळात कधीच बुडून गेली असती. साठ वर्षांनंतरही ही शाळा मराठीतून चालते आहे, त्यात त्या खरखरीचाही वाटा आहे, असे मला आता वाटते.

याचा अर्थ कोणताही कर्कशपणा मेळात गेला की शोभतो, असा मात्र कुणी घेऊ नये. फिरकी शेवटपर्यंत फिरवली तर सगळ्या गाण्याचा चिखल होतो; बेसही कळत नाही आणि शब्दही कळत नाहीत. त्या मुलानेच मला सांगितले की, संमेलनाच्या आधी त्याने फिरकी जास्तच चढवलेली होती. "तुम्ही काढू नको म्हणाला असता आणि अर्धी कर म्हणाला असता, तर बरं झालं असतं, बाई." शिक्षकाचे काम नेमके किती असते, ते त्या एका वाक्यात आले आहे. पण अर्धे किती, हे मला संगीताच्या वर्गात उभे राहून कळले नसते. त्यासाठी सगळ्यांना एकत्र वाजवायला लावून मांडवाच्या टोकाला जावे लागले असते.

आज संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे. ते अर्ध्यावर थांबलेले समूहगीत त्याच आठांपैकी सहा जण पुन्हा गाणार आहेत. दोघे परगावी आहेत, ते येऊ शकले नाहीत. बेस तोच वाजवणार आहे. डबी आणायला मीच सांगितले आहे. काल तालमीच्या वेळी त्याने आधी मला आपल्याजवळ उभे केले आणि एकट्याने तार छेडली. आवाज आजही मला आवडला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मग त्याने मला मागच्या भिंतीपाशी पाठवले आणि सर्वांनी मिळून सुरुवात केली. भिंतीपाशी मला त्याचा प्रत्येक ठोका कळत होता. दुसऱ्या कडव्यानंतर त्याने स्वतःहून थांबून फिरकी थोडी मागे घेतली. ढोलकीची धुमारी त्याच्याखाली दबत होती, असे तो म्हणाला. मला ते ऐकू आले नव्हते. त्याला आले.

त्याचे वडील आता सेवानिवृत्त आहेत. आज ते आले आहेत. संध्याकाळी मी पुढच्या रांगेत बसणार नाही. मागे, त्यांच्या शेजारी माझी खुर्ची ठेवायला सांगितली आहे. तुम्हीही सर्वांनी कार्यक्रमाला थांबावे, अशी विनंती करते आणि माझे बोलणे इथे थांबवते.